मोठ्या चित्राआधीची नदी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही निसर्गचित्रणाविषयी प्रश्न मागवले होते. खानदेशातून आलेली बरीचशी पत्रे तापीकाठच्या दृश्यांविषयी, आणि त्यातही मोठे चित्र हाती घेण्यापूर्वी जागेवर बसून जलरंगात केल्या जाणाऱ्या अभ्यासचित्राविषयी होती. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या पत्रांतील शंकांचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. गावच्या वाचनालयासाठी चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाचे तीन फूट गुणिले चार फूट आकाराचे तैलचित्र करीत आहे. त्यासाठी जानेवारीत सकाळी उंच काठावर बसून जलरंगात ११ × १५ इंचांचे अभ्यासचित्र केले आणि घरी येऊन चौकटी आखून ते जसेच्या तसे कॅनव्हासवर मोठे केले. पाहणारे सगळे म्हणतात की लहान चित्र जिवंत आहे आणि मोठे निर्जीव. दोन्हींची छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. अभ्यासचित्रात काय कमी पडले? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या अभ्यासचित्रात कमी काही पडलेले नाही, उलट त्यातील काही गोष्टी ज्या कारणासाठी तिथे होत्या ते कारण मोठ्या चित्रात पोहोचले नाही. अभ्यासचित्र ही मोठ्या चित्राची लहान आवृत्ती नसते. जागेवर जे निर्णय घ्यावे लागतात आणि घरी बसून घेता येत नाहीत, त्यांची ती नोंद असते. ते निर्णय कोणते होते हे न ओळखता केवळ आकार वाढवला, तर कागदावरचे डागच तेवढे मोठे होतात आणि निर्णय मागेच राहतात.

पहिला निर्णय उभे राहण्याच्या जागेचा. तापीच्या बाबतीत तो इतर अनेक नद्यांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, कारण खानदेशात ही नदी गाळाच्या जाड थरांतून खोल कापत जाते, काठ उंच आहेत आणि त्यांत पावसाने पाडलेल्या घळी आहेत. वरच्या शेतातून पाहिलेली तापी आणि खाली वाळूवर उतरून पाहिलेली तापी ही चित्रकाराच्या दृष्टीने दोन वेगळी दृश्ये आहेत. वरून पाहताना क्षितिज वर सरकते, पात्र पसरट दिसते, वाळूचे पट्टे आणि पाण्याच्या धारा यांची मांडणी नकाशासारखी उलगडते. खाली उतरल्यावर पाणी एका अरुंद पट्टीत आक्रसते आणि समोरची दरडच चित्राचा मुख्य विषय होऊन बसते. आपण वर बसलात हे योग्यच केले, कारण दोन प्रवाह एकमेकांत मिसळताना दाखवायचे तर उंची हवीच. मात्र उंची स्वीकारली की पाण्याच्या रंगाविषयी तिच्या अटीही स्वीकाराव्या लागतात.

त्या अटी अशा. पाण्याकडे सरळ वरून पाहिले, तर पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश जेमतेम दोन टक्के असतो. बाकीचा आत शिरतो, आणि आपल्याला तळ, गाळ किंवा पाण्यात तरंगणारी माती दिसते. दृष्टी जसजशी पाण्याला समांतर होत जाते तसतसे हे प्रमाण वेगाने वाढते. दृष्टीचा पाण्याशी कोन दहा अंशांचा असेल, तर सुमारे एक तृतीयांश प्रकाश परावर्तित होतो आणि पाणी आकाशाचे होऊन जाते. म्हणून उंच काठावर बसलेल्या माणसाला पायाजवळचे पाणी मातकट किंवा हिरवट, गडद आणि थोडे पारदर्शक दिसते, तर पलीकडच्या काठालगतचे पाणी फिके आणि चकचकीत. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. दूरच्या पाण्यात क्षितिजाजवळचे उजळ आकाश उतरते आणि जवळच्या पाण्यात माथ्याकडचे गडद निळे. दोन्ही कारणे एकाच दिशेने काम करतात. आपल्या अभ्यासचित्रात हा उतार अगदी नेमका आला आहे. मागच्या पट्टीत आपण कोरा कागद ठेवलात आणि खाली येताना कच्चा अंबर आणि निळा यांचा ओला थर चढवत नेलात. मोठ्या चित्रात मात्र नदी काठापासून काठापर्यंत एकाच निळ्याने रंगवली गेली आहे. चित्र निर्जीव वाटण्याचे माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे.

दुसरे कारण प्रतिबिंबाचे. समोरच्या काठावरील झाडे आणि त्यांच्या मागे दिसणारा देवळाचा भाग आपण तैलचित्रात जसाच्या तसा उलटा करून पाण्यात ठेवला आहे. प्रतिबिंब म्हणजे दृश्याची उलटी प्रत नव्हे. पाण्यात जे दिसते ते, आपला डोळा पाण्याच्या पातळीखाली तेवढाच खोल असता तर त्याला जसे दिसले असते, तसे असते. त्यामुळे काठाच्या कडेवर उभी असलेली वस्तू जवळजवळ पूर्ण प्रतिबिंबित होते, पण काठापासून मागे सरकलेल्या वस्तूचा खालचा भाग मधली दरड पाण्यात झाकून टाकते, आणि बघणारा जितका उंच तितका हा झाकलेला भाग मोठा. उंच काठावरून मागच्या देवळाचे फार तर शेंडे पाण्यात दिसतील, कदाचित तेही दिसणार नाहीत. अभ्यासचित्रात आपण तिथे देऊळ न काढता फक्त गडद, उभट फटकारे सोडले आहेत. डोळ्याने पाहिले तेच हाताने केले होते. घरी आल्यावर माहितीने पाहण्यावर मात केली. छटांविषयीही, म्हणजे रंगाच्या गडद-फिकेपणाविषयीही, एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गडद वस्तूचे प्रतिबिंब सहसा वस्तूपेक्षा किंचित फिके असते आणि उजळ वस्तूचे किंचित गडद. पाणी गढूळ असेल तर हा फरक अधिकच जाणवतो, कारण मातीचा स्वतःचा रंग प्रतिबिंबात मिसळतो.

आता जलरंगातून तैलरंगात जाण्याविषयी. जलरंगात उजेड कागदाचा असतो. रंग पातळ असतो, प्रकाश त्यातून आत जाऊन कागदावर आदळतो आणि परत येतो. तैलरंगात, निदान आपण ज्या पद्धतीने काम केले आहे त्यात, उजेड पांढऱ्या रंगाचा असतो, आणि पांढरा मिसळला की प्रत्येक रंग थोडा थंड आणि खडूसारखा होतो. जलरंगाचा पारदर्शकपणा तैलरंगात तसाच आणण्याच्या नादी लागू नये. तो येत नाही आणि येण्याची गरजही नाही. न्यायचा असतो तो छटांचा क्रम. अभ्यासचित्रातील सर्वांत उजळ जागा कोणती, तिच्यानंतरची कोणती, सर्वांत गडद कुठे, आणि त्या दोहोंमध्ये किती पायऱ्या, एवढे ठरले की रंग कोणत्याही माध्यमात बसवता येतात. आपल्या लहान चित्रात सर्वांत उजळ जागा पलीकडच्या काठाखालची पाण्याची पट्टी आहे. आकाश तिच्याहून एक पायरी खाली आहे. मोठ्या चित्रात आकाश सर्वांत उजळ झाले आहे आणि ती पट्टी हरवली आहे. केवळ एवढा एक क्रम परत आणला, तरी चित्राचा निम्मा जीव परत येईल असे वाटते. अभ्यासचित्रावरून रंग जुळवताना ते पूर्ण वाळलेले असावे, कारण जलरंग वाळल्यावर बराच फिका पडतो आणि ओला असतानाची आठवण फसवी असते.

नदीकाठच्या चित्रात एकच उजळ जागा किती काम करू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लिश चित्रकार थॉमस गर्टिन याचे १८०० सालचे ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ हे जलरंगचित्र. ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. थेम्स नदीचा संध्याकाळचा रुंद, शांत पट्टा, आणि पलीकडच्या काठावर एक लहानसे पांढरे घर व त्याचे पाण्यातील प्रतिबिंब. बाकी सगळे चित्र तपकिरी, करड्या, निळसर छटांत आवरून धरलेले असल्यामुळेच त्या घराला एवढे तेज आले आहे. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव आणि पंचगंगा नदी यांच्या परिसरात वेगवेगळ्या प्रहरांचा प्रकाश ज्या चिकाटीने टिपला, तीही याच शिस्तीची साधना होती.

शेवटी या पत्रापुरती एक व्यावहारिक गोष्ट. ११ × १५ इंच आणि ३ × ४ फूट यांचे प्रमाण एक नाही. १५ इंचांचे ४८ इंच केले तर ११ इंचांचे ३५.२ इंच होतात, म्हणजे कॅनव्हासवर जवळपास पाऊण इंचाची पट्टी उरते. ती आपण आकाशात घातलेली दिसते, आणि त्यामुळे सातपुड्याची रेघ किंचित खाली उतरली आहे. पुढच्या वेळी कागदावर आधीच १२ × १६ किंवा ९ × १२ इंचांची चौकट आखून तिच्या आत काम करावे. पूर्ण इंपीरियल कागदावर, म्हणजे २२ × ३० इंचांवर, मोठे चित्र करायचे असेल तरच ११ × १५ चा पाव कागद बरोबर दुपटीत बसतो.

हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे संगमाजवळची पातळी हंगामानुसार आणि धरणाचे दरवाजे उघडण्या-मिटण्यानुसार बदलते. जी वाळू आपण जानेवारीत पाहिली ती पुन्हा गेल्यावर दिसेलच असे नाही. म्हणून अभ्यासचित्राच्या मागे तारीख, वेळ, आपले तोंड कोणत्या दिशेला होते, ऊन कुठून येत होते, वारा होता की पाणी स्थिर होते आणि पाणी काठापासून साधारण किती खाली होते, एवढे लिहून ठेवावे. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला केलेल्या ढगांच्या अभ्यासचित्रांपैकी अनेकांच्या मागे दिवस, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. ती चित्रे कागदावरील तैलरंगातली आहेत, पण सवय कोणत्याही माध्यमात तितकीच उपयोगी आहे.

मोठे चित्र टाकून देऊ नये. त्याच ऋतूत, त्याच वेळी एकदा पुन्हा काठावर जाऊन, रंग न नेता, फक्त पेन्सिलने दोन-तीन इंचांच्या चौकटीत गडद, मध्यम आणि उजळ अशा तीनच छटांत ते दृश्य मांडून आणावे. नंतर पाण्याचा भाग पूर्ण खरवडून नव्याने रंगवावा. आकाश आणि डोंगर चांगले झाले आहेत.

प्रश्न : मोबाइलवर इतकी चांगली छायाचित्रे मिळत असताना उन्हात बसून जलरंगाचा अभ्यास करण्याची खरोखर गरज आहे का? आमच्या महाविद्यालयातील बहुतेक मुले फोटोवरूनच नदी रंगवतात. – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : छायाचित्र जरूर घ्यावे, पण ते कशासाठी हे ठरवून. नावेची बांधणी, घाटाच्या पायऱ्या, पुलाचे खांब यांचे तपशील ते उत्तम सांभाळते. मात्र मोबाइलच्या नेहमीच्या भिंगाची दृष्टी रुंद असते, त्यामुळे जवळची वाळू अवाढव्य होते आणि डोळ्याला भव्य वाटणारा सातपुडा फोटोत बोटभर उरतो. दुसरी अडचण उजेडाची. आकाश नीट आले तर दरडीची सावली काळीठिक्कर होते, आणि सावलीत तपशील आला तर आकाश पांढरेफटक. हल्लीचे मोबाइल दोन्ही सावरून देतात, पण तसे करताना छटांमधील अंतरच सपाट करून टाकतात, आणि चित्रकाराला नेमके तेच अंतर हवे असते.

यंत्राची मदत घेणे नवीन नाही आणि कमीपणाचेही नाही. इंग्लिश चित्रकार थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांच्याजवळ कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडणारी पेटी, होता आणि देवळे, घाट, किल्ले यांच्या रेषा मिळवण्यासाठी त्यांनी तो वापरला. तरीही ते जागेवरच्या रेखाटनांवर पातळ रंगाचे हात देऊन प्रकाश आणि हवा यांची नोंद करीत. पुढे इंग्लंडमध्ये १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ हा १४४ चित्रांचा संग्रह छापला, तो या सामग्रीवर. यंत्राकडून त्यांनी रेषा घेतली, रंग घेतला नाही. हा फरक तुमच्या मुलांना सांगण्यासारखा आहे. आणि छायाचित्राला कमी लेखण्याचे कारण तर खानदेशात मुळीच नाही. चाळीसगावच्या केकी मूस यांनी आपल्या घरात टेबलावर दृश्ये रचून जी छायाचित्रे घेतली, त्यांतील प्रत्येक सावली त्यांनी स्वतः ठरवलेली असे. प्रश्न कॅमेऱ्याचा नसून कोणी काय ठरवले याचा आहे. काठावर तासभर बसल्याशिवाय ठरवण्याजोगे काही हाती येत नाही.

प्रश्न : मार्चपासून पुढे आमच्याकडे जलरंगात काम करणे अशक्य होते. आकाशाचा थर अर्धा होईपर्यंत वरची कड वाळून रेघ उमटते. तापीच्या पात्रातील टरबूज-डांगराच्या वाड्या मात्र त्याच दिवसांत रंगवण्याजोग्या असतात. काय करावे? – एक वाचक, यावल

उत्तर : खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवाही कोरडी असते, तेव्हा थंड देशांतल्या पुस्तकांत दिलेले वेळेचे अंदाज आपल्याकडे चालत नाहीत. उपाय आहेत. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शक्यतो पूर्ण सुती घ्यावा. तो दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या गुळगुळीत पाटीवर ठेवावा. खालची बाजू ओली राहिल्यामुळे वरचा थर बराच वेळ ओला राहतो आणि कागद पाटीला आपोआप चिकटून बसतो. लाकडी बोर्ड वापरू नये, तो पाणी शोषून घेतो. रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचे मोजके थेंब टाकले तर वाळणे लांबते. जास्त झाले तर चित्र चिकट राहते आणि धूळ धरते. कुंचला नेहमीपेक्षा दोन क्रमांक मोठा घ्यावा आणि रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा, कारण थर देत असताना रंग कमी पडला आणि पुन्हा कालवायला बसलात की तेवढ्यात कड वाळते.

कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. वाळण्यापेक्षाही याचे दुसरे कारण महत्त्वाचे आहे. उन्हात कागद इतका झगझगतो की आपण नकळत सगळ्या छटा गडद करत जातो, आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. छत्री वापरायची असेल तर ती पांढरी किंवा काळी असावी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो.

वेळ सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंतची. त्या वेळात पूर्ण चित्र होणार नाही, आणि अभ्यासचित्राकडून ती अपेक्षाही नाही. आकाश, वाळू आणि पाणी यांचे तीन मोठे भाग पहिल्या थरात, मग वाड्यांची हिरवी पट्टी, मग दरडीची सावली, इथे थांबावे. वाळूवर कडक कडा उमटल्या तर त्या पुसू नयेत. उन्हाळ्यातल्या पात्रात ओल जिथे संपते तिथे कोरड्या वाळूची अशीच स्पष्ट रेघ असते, आणि आपल्या हवेने ती कागदावर फुकटात काढून दिलेली असते. काळ्या जमिनीच्या दरडीसाठी तयार काळा रंग घेऊ नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून येणारा गडद करडा अधिक खरा दिसतो. त्यात अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत वेगळे होऊन बसतात, त्यामुळे मातीचा खरखरीतपणाही येतो. मे महिन्यात धुरळ्यामुळे सातपुडा बहुधा दिसतच नाही. त्याला आठवणीने काढू नये. दिसत नाही ही त्या दिवसाची खरी नोंद आहे.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या काळातील एक जलरंगचित्र सापडले. प्रकाशा येथील तापीचा घाट आणि देवळे आहेत. चित्रावर पेन्सिलीने चौकोन आखलेले आहेत, कडेला आकडे आणि अक्षरे आहेत, उजवा कोपरा कोराच आहे आणि आकाशात तपकिरी ठिपके पडले आहेत. हे अर्धवट टाकलेले चित्र असावे का? चौकोन खोडून, कोपरा एखाद्या चित्रकाराकडून पूर्ण करून घेऊन ते लॅमिनेट करावे असा घरच्यांचा विचार आहे. – एक वाचिका, शहादा

उत्तर : तिन्ही गोष्टी कृपया करू नयेत.

चौकोन आणि आकडे यांवरून हे चित्र मोठ्या चित्राची पूर्वतयारी म्हणून केले असण्याची शक्यता फार मोठी आहे. लहान कागदावर समान चौकोन आखायचे, मोठ्या पृष्ठभागावर तितकेच पण मोठे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनातील रेषा त्या त्या जागी उतरवायच्या, ही पद्धत शतकानुशतके वापरात आहे. कडेची अक्षरे आणि आकडे हे त्या चौकोनांचे पत्ते आहेत. कोपरा कोरा आहे तो कदाचित तिथे नुसती वाळू किंवा मोकळे पाणी असल्यामुळे. चित्रकाराला तेवढ्या जागेविषयी काही ठरवायचे उरले नव्हते. अभ्यासचित्र पूर्ण झाले की नाही हे कागद भरला का यावर ठरत नाही. ते वापरण्याजोगे झाले की पूर्ण.

अशा कागदांचे मोल कधीकधी ज्या चित्रासाठी ते केले त्याच्याहून टिकाऊ ठरते. वर उल्लेख केलेल्या गर्टिनने आयुष्याच्या अखेरीस लंडन शहराचा एक प्रचंड देखावा रंगवला. ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या दक्षिण टोकाजवळच्या उंच इमारतीवरून थेम्स आणि भोवतालचे शहर जसे दिसते तसे त्यात होते. त्याची उंची १८ फूट आणि लांबी १०८ फूट होती, आणि १८०२ मध्ये तो लोकांना तिकीट लावून दाखवला जात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, गर्टिन वारला. तो भव्य पट आज अस्तित्वात नाही. त्याच्यासाठी केलेली रेखाटने आणि जलरंगातील अभ्यासचित्रे मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांतल्या काहींवर चौकोन आखलेले आहेत, आणि तो पट कसा असेल याची आपल्याला जी काही कल्पना येते ती मुख्यतः या कागदांवरूनच. तेव्हा कोणी ते चौकोन खोडले असते, तर हे कागद केवळ सुरेख जलरंगचित्रे म्हणून उरले असते आणि त्यांचे प्रयोजन कळले नसते.

आपल्या चित्राला स्थानिक महत्त्वही असू शकते. प्रकाशा आणि सारंगखेडा येथे आता बॅरेज, म्हणजे दरवाजे असलेले बंधारे, आहेत, त्यामुळे साठलेल्या पाण्याने घाटाजवळची तापी पूर्वीपेक्षा वेगळी दिसते. चित्रकाराने पायऱ्या, वाळू आणि गोमाई नदीच्या संगमाकडची बाजू जशी दिसली तशी टिपली असेल, तर बॅरेजपूर्व पात्राचे ते एक साक्ष देणारे कागदपत्र आहे. अर्थात जलरंगचित्राची साक्ष सावधपणे वापरावी लागते. चित्रकार रचनेसाठी एखादे झाड हलवतो, देऊळ थोडे जवळ ओढतो. चौकोन आखलेले असणे हे रेषा जपण्याच्या इच्छेचे लक्षण आहे, मोजणीचे प्रमाणपत्र नव्हे. मागील बाजू जरूर पाहावी. कागद चिकटवलेला असेल तर तो ओढून सोडवू नये. मागे तारीख, रंगांची नावे, एखाद्या परीक्षेचा किंवा शाळेचा शिक्का सापडला, तर त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. आजोबांच्या ओळखीत कोणी चित्रकला शिक्षक होते का, गावातल्या एखाद्या जुन्या वाड्यात, शाळेत किंवा धर्मशाळेत घाटाचे मोठे चित्र टांगलेले कोणाला आठवते का, याची वृद्ध मंडळींकडे चौकशी करावी. ते सापडले तर दोन्ही शेजारी ठेवून चौकोन मोजून पाहता येतील.

आता जपणुकीविषयी. लॅमिनेशन काढता येत नाही आणि त्याच्या उष्णतेने व डिंकाने कागद कायमचा बिघडतो. तपकिरी ठिपके बहुधा दमटपणा, बुरशी आणि कागदातील अशुद्धी यांमुळे पडतात. ते खोडरबराने किंवा ओल्या कापसाने पुसायला जाऊ नये, कारण जलरंगाचा डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो आणि आकाशच निघून येईल. चित्र आम्लमुक्त माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत), काचेला न टेकेल असे बसवावे आणि मागे सेलोटेप लावू नये. स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची भिंत, बाहेरची ओल येणारी भिंत आणि खिडकीसमोरची भिंत टाळावी. संग्रहालये जलरंगचित्रांवरचा उजेड साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ठेवतात, म्हणजे दिवसा आपल्या ओसरीत असतो त्याच्या मानाने फारच मंद. जुन्या रंगसंचांतील काही लाल आणि किरमिजी रंग उजेडाने उडतात. आपल्या चित्रातील सावल्या आज निळसर करड्या दिसत असतील, तर त्या मुळात जांभळट असण्याची शक्यता आहे. माउंटच्या कडेखाली झाकलेली पट्टी कधी दिसली तर तिच्याशी ताडून पाहावे. ठिपके वाढत आहेत असे वाटले, तर कागदाच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीलाच दाखवावे. फ्रेम करणाऱ्याला नव्हे.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात मोठ्या चित्राशेजारी त्याचे अभ्यासचित्र लावावे का? काहींना ते कच्चे काम दाखवल्यासारखे वाटते. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : जरूर लावावे, पण सगळ्यांची नव्हे. ज्या जोडीत काहीतरी बदललेले दिसते तीच निवडावी: बोरी नदीच्या पात्रातला एखादा खडक अभ्यासचित्रात आहे आणि मोठ्या चित्रात काढून टाकला आहे, किंवा सकाळचा प्रकाश बदलून संध्याकाळचा केला आहे. पाहणाऱ्याला असा फरक शोधायला आवडतो आणि तो शोधताना चित्र कसे ठरते हे त्याला कोणी न सांगता कळते. दोन्ही चित्रे जिथे तंतोतंत सारखी आहेत तिथे अभ्यासचित्र लावून काही साधत नाही. पाटीवर ‘अभ्यासचित्र, जलरंग’ असे स्पष्ट लिहावे, जागा आणि महिना द्यावा, आणि त्याला मोठ्या चित्राइतकी जड सोनेरी चौकट घालू नये. विक्रीविषयी माझे मत असे की मोठे चित्र विकले गेले तरी अभ्यासचित्र चित्रकाराने निदान काही वर्षे स्वतःजवळ ठेवावे, कारण त्याच जागेचे दुसरे चित्र करण्याची वेळ येते तेव्हा विकलेल्या तैलचित्राचा काही उपयोग नसतो. प्रदर्शन संपल्यावर ते भिंतीवर न ठेवता आम्लमुक्त फोल्डरमध्ये, आडवे, कपाटात ठेवावे.